पोटचं कोण, पाठचं कोण

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांत दुकानाची, शाळेची, बचत गटाची, ग्रामपंचायतीची वेबसाइट बांधणाऱ्या मुलामुलींना आणि पैसे मोजून ती बांधून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आवाहन आहे. विषय लहान आहे: वेबसाइटच्या माथ्यावरचा मेनू. त्यात एका यादीच्या पोटात दुसरी यादी असते, दुसरीच्या पोटात तिसरी. या पोटयाद्या धड उघडत नाहीत, उघडल्या तर वाचता येत नाहीत, आणि दोष बहुतेक वेळा एकच निघतो: नियम लिहिणाऱ्यानं तो नियम कोणासाठी आहे हे नेमकं सांगितलेलं नसतं.

आधी माझीच चूक सांगतो. वेबसाइटची कामं नुकतीच घ्यायला लागलो होतो, तेव्हा एका कृषी सेवा केंद्राचं काम मिळालं. यादी साधी होती. वर बियाणे, खते, औषधे, संपर्क. बियाण्यांच्या पोटात पिकं: सोयाबीन, तूर, ज्वारी, भेंडी. प्रत्येक पिकाच्या पोटात वाण. सोयाबीनमध्ये एमएयूएस ७१ आणि एमएयूएस १६२, तुरीत बीडीएन ७११ आणि बीएसएमआर ७३६, ज्वारीत परभणी मोती आणि परभणी शक्ती, भेंडीत परभणी क्रांती. १९७२ साली सुरू झालेल्या आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची छोटीशी वंशावळच त्या मेनूत आली होती.

मला वाटलं, अक्षर जरा बारीक ठेवलं तर मेनू सुबक दिसेल. एकच ओळ लिहिली: मेनूतल्या प्रत्येक नोंदीचं अक्षर ०.८ ईएम. माझ्या मोठ्या स्क्रीनवर वरची ओळ छान दिसली आणि मी काम दाखवायला गेलो. दुकानदार काकांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या फोनवर मेनू उघडला, फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"सर, सोयाबीन कसंतरी दिसतंय, पण आतलं वाण दिसंना की."

मी मनात म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला त्यांनी फोन दिला. त्यालाही वाचता आलं नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. ईएम हे माप स्वतःचं नसतं, ते बापाच्या मापाच्या प्रमाणात असतं. मूळ अक्षर १६ पिक्सेलचं. 'बियाणे' त्याच्या ०.८, म्हणजे १२.८. 'सोयाबीन' हे 'बियाणे'च्या ०.८, म्हणजे १०.२४. आणि 'एमएयूएस १६२' हे 'सोयाबीन'च्या ०.८, म्हणजे ८ पिक्सेलच्या आसपास. गिऱ्हाईक ज्या एका शब्दासाठी आलं होतं, तोच शब्द मी सगळ्यांत बारीक करून ठेवला होता. मी नियम एकदाच लिहिला होता, पण तो तीन पिढ्यांना तीनदा लागला.

हे समजायला यादीची बांधणी माहीत हवी. एचटीएमएलमध्ये यादीची खूण यूएल, आणि यादीतल्या एकेका नोंदीची खूण एलआय. पोटयादी करायची तर एलआयच्या पोटात आणखी एक यूएल ठेवायची. ही झाली रचना. तिला रंग, आकार, अंतर देणारे नियम सीएसएसमध्ये लिहितात, आणि नियमाच्या सुरुवातीला तो कोणासाठी आहे हे सांगणारा जो तुकडा असतो त्याला सिलेक्टर म्हणतात. इथे छापताना मी सगळं देवनागरीत लिहितोय. की-बोर्डवर यूएल, एलआय या खुणा रोमन अक्षरांतच टाकायच्या. सगळ्यांत बाहेरच्या यूएलला आपण देतो ते क्लासचं नाव मात्र खरोखर मराठीत ठेवता येतं. '.मेनू' हे नाव ब्राउझर बिनतक्रार घेतो.

सिलेक्टरच्या धड्यात मुलं अडखळतात. मराठी घरात वाढलेल्यानं अडखळायचं खरं तर कारण नाही. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या कोणत्याही आजीला विचारा: ही अमकीच्या पोटची, तो तमक्याच्या पाठचा, आणि ते सगळे त्याच वंशातले. सीएसएसला नेमकी हीच नाती लागतात.

'.मेनू एलआय' असं मधे नुसती मोकळी जागा सोडून लिहिलं, तर अर्थ होतो: मेनूच्या वंशातला प्रत्येक एलआय. मुलगा, नातू, पणतू, सगळे आले. मी केलेली चूक ती हीच.

'.मेनू > एलआय' असं लिहिलं, तर अर्थ होतो: मेनूच्या पोटचा एलआय. फक्त पहिली पिढी. आतल्या यादीतले एलआय हे आतल्या यूएलच्या पोटचे, त्यांना हा नियम लागत नाही.

'एलआय + एलआय' म्हणजे एका एलआयच्या लगेच पाठचा एलआय. मेनूतल्या दोन नोंदींच्या मधे उभी रेघ हवी असेल तर '.मेनू > एलआय + एलआय' लिहून डाव्या बाजूला रेघ द्या. थोरल्याच्या आधी कोणी नाही, म्हणून त्याला रेघ लागत नाही. बाकी प्रत्येकाला लागते. पहिल्या नोंदीची रेघ पुसायला वेगळा नियम लिहिण्याची गरजच पडत नाही. अधिकच्या जागी '~' ही खूण वापरली तर पाठची सगळीच भावंडं येतात.

डिसेंबर २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांना आणखी एक नातं कळायला लागलं आहे. 'एलआय:हॅज(> यूएल)' म्हणजे ज्याच्या पदरी यादी आहे असा एलआय. 'बियाणे'पुढे खाली उघडणारा बाण हवा, 'संपर्क'पुढे नको, तर या एका ओळीत काम होतं. पूर्वी अशा प्रत्येक नोंदीला हातानं क्लास चिकटवावा लागे.

मग इतकी सोपी खूण असताना जुन्या वेबसाइटींत जागोजागी क्लासच क्लास का दिसतात? त्यालाही कारण आहे. होकॉन व्हियुम ली यांनी सीएसएसचा पहिला प्रस्ताव १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडला. पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मंजूर झाली, आणि 'पोटचा', 'पाठचा' या खुणा मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या. पण २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ला 'पोटचा' समजतच नव्हता. २००६ च्या सातव्या आवृत्तीत ते आलं. मधल्या काळात जे शिकले, त्यांनी प्रत्येक नोंदीला वेगळं नाव देण्याची सवय लावून घेतली आणि पुढच्यांनी ती उचलली. आता तो ब्राउझर गेला, सवय उरली. ती सोडा.

नियमांकडे जाण्याआधी मात्र रचना तपासा. परवा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी प्रोजेक्ट घेऊन आली. जिल्ह्याची यादी, तिच्या पोटात तालुके, तालुक्यांच्या पोटात गावं. "सर, पूर्णेवर माउस नेला की ताडकळस दिसायला पाहिजे, जिंतूरवर नेला की चारठाणा आणि बोरी. काहीच उघडंना. दोन दिवस झाले." नियम तिनं बरोबर लिहिले होते: '.मेनू यूएल' लपवायची, आणि '.मेनू एलआय:होवर > यूएल' दाखवायची. म्हणजे माउस ज्या एलआयवर आहे त्याच्या पोटची यादी उघड.

मी तिला रचना ओळीओळीनं मोठ्यानं वाचायला सांगितली. "एलआय सुरू, पूर्णा, एलआय बंद, यूएल सुरू, ताडकळस..." एवढं वाचून ती स्वतःच थांबली. 'पूर्णा' लिहून तिनं एलआय बंद केला होता आणि गावांची यादी त्याच्या बाहेर, दोन एलआयच्या मधे ठेवली होती. ब्राउझर अशा चुकीला ओरडत नाही, गुपचूप दाखवून टाकतो. पण ताडकळस आता पूर्णेच्या पोटचं राहिलं नव्हतं, पाठचं झालं होतं. लपवण्याचा नियम वंशातल्या सगळ्यांना होता, म्हणून यादी लपली. उघडण्याचा नियम पोटच्यालाच होता, म्हणून ती उघडली नाही. एलआय बंद करण्याची खूण यादीच्या खाली नेली आणि नऊच्या नऊ तालुके उघडायला लागले.

म्हणून पहिली विनंती: एकही रंग देण्याआधी सीएसएस बाजूला ठेवून नुसती यादी पाहा. पहिल्या पिढीला भरीव ठिपका, दुसरीला पोकळ, तिसरीला चौकोन, असं ब्राउझर आपणहून दाखवतो. नोंदीपुढचा ठिपका चुकीच्या जातीचा दिसला तर नोंद चुकीच्या घरात आहे.

दुसरी विनंती: उघडण्याच्या नियमातली ती '>' खूण गाळू नका. '.मेनू एलआय:होवर यूएल' असं मोकळं लिहिलंत तर 'बियाणे'वर माउस नेताच पिकं आणि सगळे वाण एकदमच अंगावर येतील. एकाला हाक मारली आणि सगळी गल्ली दारात आली, अशी गत.

तिसरी गोष्ट फटीची. वरची नोंद आणि खाली उघडणारी यादी यांच्यात शोभेसाठी थोडं अंतर ठेवतात, आणि ते मार्जिननं ठेवतात. मार्जिन म्हणजे घराबाहेरची जागा. माउस तिथून जाताना तो कोणाच्याच अंगणात नसतो, आणि यादी मिटते. माणूस पुन्हा वर जातो, पुन्हा खाली येतो, पुन्हा मिटते. अंतर हवंच असेल तर आतल्या यादीच्या पॅडिंगनं द्या. पॅडिंग घराच्या आत मोजलं जातं.

आता फोनचं बघू, कारण आपल्या जिल्ह्यातलं गिऱ्हाईक फोनवरच येतं. फोनला माउस नाही, म्हणजे होवरही नाही. बोट टेकलं की काही फोन यादी उघडतात, काही सरळ त्या पानावर घेऊन जातात. त्यामुळे ज्या मेनूची सगळी मदार होवरवर आहे तो फोनवर नशिबावर चालतो. यावर साधा उपाय एचटीएमएलमध्येच आहे: डिटेल्स आणि समरी या दोन खुणा. समरीत 'सोयाबीन' लिहा, खाली वाणांची यादी ठेवा. बोटानं दाबलं की उघडतं, पुन्हा दाबलं की मिटतं, जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. एकाच्या पोटात दुसरं डिटेल्सही ठेवता येतं.

डेस्कटॉपसाठी होवर ठेवलंत तर त्याच्या जोडीला ':फोकस-विदिन' लिहा. म्हणजे माउस न वापरता टॅब दाबत जाणाऱ्यालाही यादी उघडेल. आणि मेनू हा यूएल-एलआयचाच ठेवा, नुसत्या डब्यांचा नको. टॉकबॅकच्या आवाजावर फोन वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला ही यादी आहे आणि तीत किती नोंदी आहेत हे खुणांवरूनच कळतं. रंगवलेल्या डब्यांतून त्याला काही कळत नाही.

जागेचाही हिशेब करा. ब्राउझर प्रत्येक यूएलला डाव्या बाजूनं ४० पिक्सेल आत सरकवतो. तीन पिढ्या झाल्या की १२०. फोनची रुंदी ३६० पिक्सेल धरली तर एक तृतीयांश पडदा नुसत्या कोऱ्या जागेत जातो आणि 'परभणी क्रांती' दोन ओळींत मोडतं. आतल्या यादीला १६ पिक्सेल पुरतात.

आपल्या लिपीचंही ऐका. बाहेरून आणलेले तयार मेनू रोमन अक्षरांच्या उंचीला बेतलेले असतात. त्यांत 'संपर्क'चा रफार आणि 'बियाणे'ची मात्रा वरून कापली जाते, 'मुख्यपृष्ठ'मधला ऋकार खालून. ठरावीक उंची देऊ नका. ओळीची उंची १.६ किंवा जास्त ठेवा आणि वरखाली पॅडिंग द्या. रुंदीही ठरावीक नको. चार रोमन अक्षरांच्या 'होम'ला जी जागा पुरते तीत 'आमच्याविषयी' मावत नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोह टाळा, कारण त्यानं शिरोरेघ तुटते आणि शब्द वाळत घातलेल्या मिरच्यांसारखा सुटा सुटा दिसतो. पानाच्या सुरुवातीला भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी सांगा. काही फॉन्ट त्यावरून हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे ल आणि श देतात.

पोटयादी मेनूतच असते असं नाही. सहकारी संस्थेचे पोटनियम घ्या. कलम ३, त्याचं ३.१, त्याचं ३.१.२. हे आकडे बहुतेक जण हातानं टाइप करतात. मग सभेत मधे एक कलम वाढतं, खालचे सगळे आकडे बदलावे लागतात आणि दोन ठिकाणी ३.४ राहून जातं. हे काम सीएसएसच्या काउंटरला द्या. क्रमवार यादीसाठी यूएलऐवजी ओएल वापरा, प्रत्येक ओएलला काउंटर शून्यावर आणा, प्रत्येक एलआयला एकानं वाढवा, आणि नोंदीआधी 'काउंटर्स' हे फंक्शन लावा. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: काउंटरचं नाव, मधला ठिपका, आणि 'देवनागरी'. वंशातले सगळे आकडे तो क्रमानं लिहून देतो: ३.१.२. मधे कलम घाला, काढा, आकडे आपोआप सरकतात, तेही मराठी आकडे. साध्या एकपदरी यादीला तर यादीच्या शैलीत 'देवनागरी' एवढा एक शब्द लिहिला तरी १, २, ३ उमटतात. ग्रामसभेचे ठराव, शाळेच्या प्रवेशाच्या सूचना, भिशीचे नियम, सगळीकडे हे चालतं.

शेवटची विनंती वशिल्याबद्दल. नियम लागत नाही असं दिसलं की पोरं त्याच्या शेपटीला 'इम्पॉर्टंट' जोडतात. ही आमदाराची चिठ्ठी. एकदा चिठ्ठी दिली की दुसऱ्या नियमाला पुढे जायला दुसरी चिठ्ठी लागते, आणि महिनाभरात फाइलीतला प्रत्येक नियम चिठ्ठी घेऊन रांगेत उभा असतो. मग कोणाचंच काम होत नाही. नियम का लागत नाही ते शोधा. ब्राउझरमध्ये त्या नोंदीवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडलं की कोणता नियम लागला आणि कोणता खोडला गेला हे रेघ मारून दाखवलेलं असतं. तिथे दोन गोष्टी पाहा. रंग आणि अक्षराचं माप वारशानं खाली उतरतं. चौकट, मार्जिन, पॅडिंग उतरत नाही. आतल्या प्रत्येक यादीभोवती नको असलेली चौकट दिसत असेल तर ती वारशानं आलेली नाही, तुमचाच एखादा 'वंशातल्या सगळ्यांना' म्हणणारा नियम ती देतोय. तो शोधून त्यात '>' घाला.

वेबसाइट बांधून घेणाऱ्या काका-काकूंनी, सरपंचांनी, मुख्याध्यापकांनी यातलं काही शिकायची गरज नाही. पैसे देण्याआधी एवढं करा. बांधणाऱ्याचा लॅपटॉप मिटायला सांगा आणि आपल्याच फोनवर वेबसाइट उघडा. उन्हात उभं राहून, एका हाताच्या अंगठ्यानं, सगळ्यांत आतल्या यादीतली शेवटची नोंद दाबून पाहा. ती सापडली का? वाचता आली का? पहिल्या दाबण्यात उघडली का? तिन्हीचं उत्तर हो आलं तर पैसे द्या. एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर बांधणाऱ्याला विचारा, "बाळा, हा नियम पोटच्याला लिहिलास की सगळ्या वंशाला?" काम येणारा लगेच हसेल आणि दुरुस्त करून देईल.

त्या दुकानदार काकांचा मेनू मी दुसऱ्या दिवशी नीट केला. अक्षराचं माप आरईएममध्ये घेतलं. ते घराण्याच्या मूळ पुरुषावरून मोजतात, म्हणून कितीही पिढ्या आत गेलं तरी आकसत नाही. वाणांची नावं पिकांच्या नावांइतकीच मोठी झाली. काकांनी फोन पुन्हा लांब धरला आणि वाचलं, "एमएयूएस १६२." मग फोन खिशात घालून गिऱ्हाइकाकडे वळले.

मृगाला अजून अवकाश असेल तर तेवढ्यात आपण बांधलेली एक तरी वेबसाइट उघडा, तिच्यातली सगळ्यांत आतली यादी गाठा, आणि ती ज्याच्यासाठी केली त्याच्या फोनवर वाचून पाहा.